गतवर्षीचे नवे परिचय

गतवर्षात आपल्या कानांना प्रथमच गवसलेले संगीत कोणते, असा प्रश्न आम्ही आमच्या लेखकांपुढे ठेविला, तेव्हा उत्तरांत जुन्याच ध्वनिमुद्रिका अधिक निघाल्या, आणि आम्हांस त्याचे मुळीच वैषम्य वाटले नाही; कारण अवघ्या जगाचे संगीत बोटाच्या स्पर्शासरशी हजर होत असता, काय ऐकावे याचा फैसला मात्र आपण यंत्राच्या शिफारशीवर सोपवून बसलो आहोत. म्हणून हा अंक. अ‍ॅलिस कोल्ट्रेन यांच्या १९७१ सालच्या ‘जर्नी इन सच्चिदानंद’ या ध्वनिमुद्रिकेत तंबोऱ्याच्या अखंड नादावर हार्पच्या तारा झंकारतात, इथिओपियाच्या मुलातू अस्तात्के यांच्या जॅझमधील पंचस्वरी रचना ऐकताना भूप रागाच्या परिचयाने कान क्षणभर फसतो, आणि तो खुशाल फसू द्यावा. सर्वांत मोलाचा ऐवज मात्र घरचाच निघाला: गोव्यातील हळदोण्याचे ट्रम्पेटवादक चिक चॉकलेट, ज्यांच्या जॅझची ऐट संगीतकार सी. रामचंद्रांच्या ‘अलबेला’ (१९५१) चित्रपटातील गाण्यांत उतरली, आणि त्या गाण्यांवर पिढ्यान्‌पिढ्या डोलूनही ज्यांचे नाव आपल्यापैकी फार थोड्यांच्या दप्तरी नोंदले गेले. निवड पक्षपाती आहे, हे मंजूर. वाचकांनी आपली यादी, आणि तक्रारही, अवश्य कळवावी. पुढील अंकात तिला जागा राखून ठेविली आहे.