पडद्यावरचा चाकर आणि किरिकूचा प्रश्न

लहान मुलांचे म्हणून जे कार्टूनपट सगळे कुटुंब बसून पाहते, त्यांत चाकर कोण आहे, हे आम्ही आधी बघतो. डिस्नेच्या १९४० च्या ‘फँटेशिया’त गोऱ्या अश्वकन्यांचे खूर पुसायला एक काळी पोर ठेवली होती. पुढे ती दृश्ये कापली गेली. चाकरीचे चित्र गेले, पण मानाची जागा आली नाही. डिस्नेची पहिली काळी राजकन्या पडद्यावर यायला २००९ साल उजाडले. तीही बराच वेळ बेडूक होऊन!

याउलट फ्रेंच दिग्दर्शक मिशेल ओसेलो यांचा १९९८ चा ‘किरिकू’ पाहा. ओसेलोंचे बालपण गिनीत गेले. गोष्ट पश्चिम आफ्रिकेतल्या खेड्याची, आवाज सेनेगलच्या कलावंतांचे. सारे गाव चेटकिणीला भिते. वीतभर किरिकू मात्र भेटेल त्याला विचारतो, ती दुष्ट का? शेवटी आजोबा सांगतात, पुरुषांनी तिच्या पाठीत विषारी काटा रुतवला आहे. पोर तो काटा उपटते आणि चेटूक संपते.

दुःखाला कारण असते, हे आम्ही विहारात मुलांना शिकवतोच. मग उन्हाळी सुट्टीतल्या धम्म संस्कार शिबिरात हा चित्रपट का दाखवू नये? भाषा परकी, ही अडचण खरी. पण पडद्याशेजारी उभा राहून गोष्ट सांगणारा एक कार्यकर्ता त्याला पुरतो.