घरच्यांना काय सांगायचे?

सुट्टीत ओरत्तनाडुला घरी जाताना मी ग्रंथालयातून सर जॉन फ्रँकलिन यांच्या आर्क्टिक मोहिमेवरचे पुस्तक नेले होते. १८४५ मध्ये ‘एरेबस’ आणि ‘टेरर’ ही दोन जहाजे इंग्लंडहून निघाली. बर्फात शिरलेल्या १२९ जणांपैकी एकही परतला नाही. मी हे रंगवून सांगत होतो, तेव्हा आजीने विचारले, “मग त्यांच्या घरच्यांना काय सांगितलं?”

मला उत्तर देता आले नाही. आमच्या गावात सरफोजी राजांनी मुक्तांबाळच्या स्मरणार्थ बांधलेले छत्रम आहे. आजी म्हणाली, “राजाला आठवण काढायला जागा तरी होती. त्या बायकांना काय होतं?”

मी पुस्तक पुन्हा वाचले. १८५४ मध्ये ब्रिटिश नौदलाने बेपत्ता लोकांची नावे आपल्या यादीतून काढून टाकली. फ्रँकलिन यांच्या पत्नी जेन यांनी ते मान्य केले नाही. त्यांनी पुढाकार घेऊन १८५७ मध्ये ‘फॉक्स’ हे जहाज शोधासाठी पाठवले. १८५९ मध्ये त्या पथकाला दगडांच्या ढिगाऱ्यात एक कागद सापडला. फ्रँकलिन ११ जून १८४७ रोजीच वारले होते. पतीच्या मृत्यूची तारीख कळायला जेन यांना बारा वर्षे लागली.

आपल्याकडेही असे घडले आहे. ७ फेब्रुवारी १९६८ रोजी चंदीगडहून लेहला निघालेले हवाई दलाचे एएन-१२ विमान रोहतांगजवळ बेपत्ता झाले. त्यात १०२ जण होते. अवशेष २००३ मध्ये गिर्यारोहकांना सापडले. २०२४ मध्ये, म्हणजे ५६ वर्षांनी, आणखी चार मृतदेह मिळाले. तोवर वाट पाहणारे कितीतरी आईवडील उरले नसतील.

माझे काही मित्र म्हणतात की सैनिकाच्या घरच्यांनी प्रश्न विचारू नयेत, त्याने मनोबल खचते. मला हे पटत नाही. रात्रीच्या हजेरीला एक कॅडेट कमी भरला, तर तो सापडेपर्यंत आपल्या हाऊसमध्ये कोणी झोपत नाही. त्याला आपण अविश्वास म्हणत नाही, शिस्त म्हणतो. घरचे लोकही हजेरीच घेत असतात. तो कुठे होता, काय झाले, शोध चालू आहे का, एवढेच त्यांना हवे असते. जे माहीत आहे ते लवकर सांगावे. जे माहीत नाही, ते माहीत नाही असेही स्पष्ट सांगावे. खोटा धीर देऊ नये आणि शोध लवकर थांबवू नये.

मला सैन्यात जायचे आहे. माझे काही झाले, तर आजीला खरे उत्तर मिळायला हवे. आणि मी अधिकारी झालो, तर दुसऱ्या कोणाच्या तरी आजीला ते उत्तर मलाच द्यावे लागेल. त्याची तयारीही आपण इथेच करायला हवी.