स्वस्तातली मर्सिडीज

गाडी सोसायटीत आणली त्या संध्याकाळी वॉचमननं उठून सलाम केला. आठ वर्षांत पहिल्यांदाच. दुसऱ्या दिवशी सकाळी त्याचाच फोन, "साहेब, गाडीखाली पाणी सांडलंय." पाणी नव्हतं, कूलंट होतं.

१९९६ची मर्सिडीज ई २२०. जाणकार तिला डब्ल्यू १२४ म्हणतात. तिचं माहेर लांब नाही. मर्सिडीजनं १९९५मध्ये भारतात मोटारी जोडायला सुरुवात केली, ती टेल्कोच्या पिंपरीच्या कारखान्यात. हे मॉडेल जर्मनीत १९८४पासून बनत होतं आणि ते आपल्याकडे आलं त्याच वर्षी तिकडे पुढचं मॉडेल दाखल झालं. तिकडे जिचा निरोप समारंभ चालला होता, तिची आपण इथे वरात काढली.

मला ती साध्या नव्या हॅचबॅकपेक्षा कमी पैशांत पडली. विकणाऱ्यानं छाती फुगवून सांगितलं, "इतक्या वर्षांत फक्त ६२,००० किलोमीटर!" मी भुललो. आमच्या मिस्त्रींनी मात्र मीटर पाहून मान हलवली. "साहेब, चाललेली गाडी झिजते, उभी राहिलेली वाळते."

वाळतं ते रबर. हिच्या मागच्या प्रत्येक चाकाला पाच-पाच दांड्या आहेत. चाक खड्ड्यात वरखाली झालं तरी त्या त्याला रस्त्यावर नीट टेकवून धरतात. आत बसलेल्याला खड्डा ऐकू येतो, लागत नाही. ही नव्या गाडीची चैन. पण दहा दांड्या म्हणजे वीसेक सांधे, आणि बहुतेक सांध्यांत रबरी बुश. स्पीडब्रेकरवर मागून 'खट्' ऐकू आलं म्हणून मी एक बुश बदलून घेतला. आठवड्यात आवाज शेजारच्या सांध्यात राहायला गेला. तोही बदलला, तर पलीकडचा कुरकुरायला लागला. शेवटी मिस्त्रींनी सगळ्याच दांड्या खाली उतरवल्या. बायको म्हणाली, "आधी आईंचे गुडघे करायचे, की हिचे?" आईंना गुडघे दोनच आहेत, हे तिनं मागाहून निदर्शनास आणलं.

मोटार जुनी झाली की तिची किंमत उतरते, तिच्या पार्टची नाही, हे मला तेव्हा कळलं. मग कुर्ल्याचा सीएसटी रोड गाठायचा. तिथे भंगारात निघालेल्या गाड्यांचे दिवे, काचा, स्विच मिळतात आणि खुशाल घ्यावेत. रबर मात्र भंगारातलं कधीच नाही. ते रबरही आपल्या गाडीच्याच वयाचं असतं.

सरकारी हिशेब वेगळा. पंधरा वर्षांनंतर दर पाच वर्षांनी पासिंग, वर पर्यावरण कर. फेरनोंदणीचं शुल्क २०२२च्या एप्रिलमध्ये ६०० रुपयांवरून ५,००० झालं आणि २०२५च्या ऑगस्टमध्ये वीस वर्षांवरच्या मोटारींसाठी १०,०००. दोन बुशांच्या मानानं मला ते फार वाटलं नाही, यावरून माझी अवस्था ओळखावी.

तरी तिचा तो एकुलता एक वायपर पाहावा. काचेच्या मधोमध उभा राहतो आणि कोपऱ्याकडे जाताना हात लांब करतो, कोपरा पुसून परत आखूड होतो. सिग्नलला एका पोरानं विचारलं, "काका, दुसरा चोरीला गेला का?" ताम्हिणीत भर पावसात मी त्याच्याकडे इतका बघत बसलो, की बायकोनं ओरडून वळण दाखवलं.

घ्यायचीच असेल तर घ्या. पण विकणारा जेवढे पैसे सांगेल तेवढेच आणखी बाजूला ठेवा, आणि गाडीच्या आधी मिस्त्री शोधा. शोरूमसारखा चकचकीत नको, गाडीखाली झोपणारा हवा.

आमच्या गाडीचे इंजिन माउंटिंग उद्या कुर्ल्याहून येणार आहेत. नवे, डबाबंद. तोवर मी पीएमपीच्या बसनं जातोय.