खेळाडू राखून ठेवणे (वयोगट व महाविद्यालयीन क्रीडा)

खेळाडू राखून ठेवणे म्हणजे संघासोबत नियमित सराव करणाऱ्या आणि खेळण्यास पात्र असलेल्या तरुण खेळाडूला एखाद्या हंगामात हेतुपूर्वक सामन्यांपासून दूर ठेवून पुढील हंगामासाठी घडवणे. राखीव खेळाडूहून ही कल्पना वेगळी आहे. राखीव खेळाडू सामन्यात केव्हाही उतरू शकतो. राखून ठेवलेला खेळाडू त्या वर्षी उतरणार नाही असे आधीच ठरलेले असते. अमेरिकेतील महाविद्यालयीन क्रीडाक्षेत्रात ही प्रथा ‘रेडशर्ट’ या नावाने नियमबद्ध झाली आहे. महाराष्ट्रात तिला रूढ नाव नाही. परंतु शालेय व महाविद्यालयीन संघांच्या, विशेषतः कबड्डीच्या, प्रशिक्षकांपुढे हा प्रश्न दरवर्षी उभा राहतो. अमेरिकेत राखलेले वर्ष खेळाडूच्या खात्यावर शिल्लक राहते, तर महाराष्ट्रात ते वयाच्या हिशेबात खर्ची पडते. येथील निवडीचे बरेचसे स्वरूप या एका फरकातून ठरते.

अमेरिकेतील पद्धत

तेथील विद्यापीठांच्या क्रीडास्पर्धांचे नियमन करणाऱ्या ‘एनसीएए’ या संस्थेच्या सर्वोच्च विभागात खेळाडूला पाच वर्षांच्या मुदतीत चार हंगाम खेळता येतात. उरलेले एक वर्ष राखून ठेवण्यासाठी वापरता येते. १९३७ मध्ये नेब्रास्का विद्यापीठाच्या वॉरेन आल्फसन या खेळाडूने एक वर्ष केवळ सराव करण्याची परवानगी मागितली आणि सरावात क्रमांक नसलेला लाल सदरा वापरला, अशी या नावाची उपपत्ती सामान्यतः सांगितली जाते. २०१८ पासून अमेरिकन फुटबॉलमध्ये चार सामन्यांपर्यंत खेळूनही वर्ष राखता येते. त्यामुळे नवोदिताला थोडे खेळवून पाहण्याची सोय प्रशिक्षकांना मिळाली.

कोणाला राखायचे हे प्रामुख्याने खेळण्याच्या जागेवरून ठरते. आघाडीच्या फळीतील खेळाडूला प्रतिस्पर्ध्याची धडक अंगावर घ्यावी लागते. अठराव्या वर्षी त्याच्याकडे तेवढे वजन व ताकद क्वचितच असते, म्हणून त्याला राखणे सोयीचे. चेंडू घेऊन धावणाऱ्याचे मुख्य भांडवल वेग. तो पहिल्याच वर्षी उपयोगी पडतो आणि त्याची कारकीर्दही दुखापतींमुळे अल्पायुषी असते, म्हणून त्याला थांबवण्यात लाभ कमी. संघाचा सूत्रधार, म्हणजे क्वार्टरबॅक, एका वेळी एकच खेळतो. दुसऱ्याला थांबणे भागच असते. हे थांबणे वाया जातेच असे नाही. हाइझमन हा सर्वोच्च वैयक्तिक पुरस्कार २०१२ मध्ये जॉनी मॅन्झिएलने आणि २०१३ मध्ये जेमिस विन्स्टनने मिळवला. दोघेही आधी एक वर्ष राखलेले होते.

अलीकडे मात्र या निर्णयाची सूत्रे प्रशिक्षकाच्या हातून निसटत आहेत. २०१८ मध्ये क्लेम्सन विद्यापीठाच्या केली ब्रायंटने पहिल्या पसंतीचे स्थान गमावताच चार सामन्यांनंतर संघ सोडला आणि वाचवलेले वर्ष तो मिसुरी विद्यापीठाकडून खेळला. २०२१ पासून विद्यापीठ बदलणे सोपे झाले आणि खेळाडूंना नाव व प्रसिद्धीचे पैसेही मिळू लागले. वर्षभर घडवलेला खेळाडू दुसऱ्याच विद्यापीठाच्या उपयोगी पडण्याची शक्यता त्यामुळे वाढली आहे.

महाराष्ट्रातील चौकट

भारतात पात्रता मुख्यतः वयावर बेतलेली आहे. शालेय स्पर्धा १४, १७ आणि १९ वर्षांखालील गटांत होतात. आंतरविद्यापीठ स्पर्धांसाठी १७ ते २५ ही वयोमर्यादा आहे. कुमार गटाच्या कबड्डीत वय २० वर्षांखाली असावे लागते, शिवाय मुलांसाठी वजनाची मर्यादा दीर्घकाळ ७० किलो राहिली आहे. या दुहेरी अटीचा परिणाम अमेरिकेच्या नेमका उलट होतो. तेथे वजन वाढावे म्हणून मुलाला थांबवतात. येथे वजन वाढण्याआधी त्याला खेळवून घ्यावे लागते. अठराव्या वर्षी ६६ किलो असलेल्या चांगल्या बचावपटूला थांबवले आणि वर्षभरात तो ७२ किलोंवर गेला, तर वय शिल्लक असूनही कुमार गटाचे दार बंद होते. मग त्याला थेट प्रौढ पुरुष गटात उतरावे लागते.

न खेळण्याची किंमत मैदानाबाहेरही मोजावी लागते. राज्य व राष्ट्रीय पातळीवरील क्रीडाकामगिरीसाठी दहावी-बारावीच्या परीक्षेत सवलतीचे वाढीव गुण मिळतात. शासकीय नोकऱ्यांत गुणवंत खेळाडूंसाठी ५ टक्के आरक्षण आहे. या दोन्हींसाठी प्रमाणपत्र लागते, आणि सराव केल्याचे प्रमाणपत्र कोणी देत नाही. मुलाला एक वर्ष थांबवा, असे पालकांना सांगणे म्हणूनच सोपे नसते.

क्रिकेटमध्ये नियामकांनी निराळा मार्ग घेतला. राहुल द्रविड १९ वर्षांखालील भारतीय संघाचे प्रशिक्षक असताना, २०१६ मध्ये भारतीय क्रिकेट नियामक मंडळाने एका खेळाडूला या वयोगटाचा एकच विश्वचषक खेळू देण्याचे ठरवले. कुमार क्रिकेटमध्येच मुले अडकून पडू नयेत, हा त्यामागचा विचार. विरारच्या पृथ्वी शॉने जानेवारी २०१७ मध्ये रणजी पदार्पणात शतक केले, २०१८ मध्ये संघनायक म्हणून विश्वचषक जिंकला आणि त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये राजकोटच्या पहिल्या कसोटीत १३४ धावा केल्या. राखून ठेवण्यापेक्षा पुढे ढकलण्याचे हे धोरण आहे. अर्थात, ज्याच्यासाठी पुढची पायरी तयार आहे त्यालाच ते मानवते.

सिंधुदुर्गासारख्या जिल्ह्यांची अडचण

२०११ च्या जनगणनेनुसार सिंधुदुर्गाची लोकसंख्या ८,४९,६५१ होती. राज्यातील जिल्ह्यांत ती सर्वांत कमी. कबड्डीचा संघ बारा जणांचा, त्यांपैकी सात मैदानात. मालवण वा देवगड किनाऱ्यावरील लहान पटाच्या शाळेत १७ वर्षांखालील बारा धडधाकट मुले जमवणे हेच काम असते. कोणाला थांबवावे हा विचार तेथे चैनीचा ठरतो. उलट, तेरा वर्षांच्या चपळ मुलाला वरच्या गटात घेण्याचा मोह अधिक. चढाई करताना तो चमकतो. पण आपल्याहून पंधरा किलोंनी भारी मुलांची पकड सोसण्याइतके त्याचे गुडघे व खांदे तयार झालेले नसतात. जिल्ह्यातील महाविद्यालये मुंबई विद्यापीठाला संलग्न असल्याने विद्यापीठ संघाच्या निवडीत या मुलांची गाठ महानगरातील व्यावसायिक संघांत मुरलेल्या खेळाडूंशी पडते. खरे तर एक वर्ष थांबून अंग भरण्याची गरज यांनाच जास्त, आणि ती सवड सर्वांत कमी यांनाच.

वयचोरीशी संबंध

अधिकृत जादा वर्ष मिळत नाही तेथे ते अनधिकृतपणे मिळवले जाते. जन्मनोंदीची काटेकोर पद्धत नव्हती तेव्हा पहिलीत नाव घालताना गुरुजी अंदाजाने १ जून ही जन्मतारीख लिहीत. महाराष्ट्रातील एका संपूर्ण पिढीचा वाढदिवस त्या दिवशी येतो. त्यात कपट नव्हते, फक्त सोय होती. खेळासाठी वय कमी दाखवणे ही मात्र जाणूनबुजून केलेली लबाडी होय. डिसेंबर २०१५ मधील पतौडी स्मृती व्याख्यानात द्रविड यांनी तिची गणना सामनानिश्चितीसारख्या भ्रष्टाचाराच्या पंक्तीत केली. १६ वर्षांखालील मुलांसाठी क्रिकेट मंडळ मनगटाच्या क्ष-किरण चित्रावरून हाडांचे वय ठरवते. ही चाचणी अंदाजावर आधारलेली असल्याने लवकर वाढ झालेला प्रामाणिक मुलगाही तीत अडकू शकतो. लबाडीने मिळवलेले वर्ष कोणाच्या तरी वाट्याचे असते. ज्याची तारीख खरी आहे असा मुलगा त्या हंगामात बाकावर बसतो, आणि त्याचे ते वर्ष कोणत्याही नियमाने परत मिळत नाही.