वातड कोण, कोंबडी की आपण?

दरवर्षी मे महिन्यात गावी गेलो की एक वाक्य हमखास ऐकू येतं. "गावठी कोंबडी ना, चामट असणारच!" लालबागचे आमचे काका हाडूक ओढता ओढता हे अशा थाटात बोलतात, जणू न्यूटनचा चौथा नियमच. मला या वाक्याचा भयंकर राग येतो. आज शनिवार आहे, ऑफिस नाही, तेव्हा लिहूनच टाकतो.

कुडाळजवळच्या गावात आजी परसात आठ-दहा कोंबड्या पाळते. ब्रॉयलर साधारण सहा आठवड्यांत दोन किलोचा होऊन दुकानात येतो. आजीच्या कोंबड्याला दीड किलोचा व्हायला पाच-सहा महिने लागतात. वय वाढेल तसं स्नायूंना बांधून ठेवणारं कोलॅजन पक्कं होत जातं, त्यात हा गडी दिवसभर उकिरडे उकरत हिंडणार. मांस घट्ट असणार, मान्य. पण घट्ट वेगळं आणि चामट वेगळं. चामटपणा आपण घालतो.

कसा? आम्ही सकाळी गाडीतून उतरतो, चहा होतो, आणि पोरंटोरं कोंबड्यामागे अंगणभर धावत सुटतात. दमलेला कोंबडा कापला, साफ केला, तासाभरात टोपात. का, तर "ताजी"! अहो, मेल्यावर स्नायूंतली ऊर्जा संपते आणि तंतू एकमेकांत अडकून आखडतात. पळवून दमवलेल्यात तर हे आणखी लवकर होतं. पुढे काही तासांनी मांसातलीच एन्झाइम्स ही पकड सैल करतात. आपण नेमकं मधल्या आखडलेल्या वेळेत शिजवतो आणि वर कोंबडीला नावं ठेवतो. मग कोणीतरी कच्ची पपई चोळतं. पपईने बाहेरून लगदा, आत वातडच. नाहीतर कुकरच्या आठ शिट्ट्या, म्हणजे नुसता चोथा.

मला हे कळलं ते अपघातानेच. डिसेंबरात गावचे एकजण मुंबईला येत होते. आजीने कोंबडा साफ करून थर्माकोलच्या डब्यात बर्फात घालून दिला. रात्रभर बस, सकाळी परळला डबा ताब्यात, दुपारी आईने मंद आचेवर शिजवला. काय लुसलुशीत! काकांनी श्रेय लालबागच्या मसाल्याला दिलं. आईने स्वतःला. (तिथे वाद घालायचा नसतो.) पण मसाला तर आम्ही गावीही तोच नेतो, आणि गावीही आईच रांधते. गॅस आणि चुलीचा फरक होता, म्हणून मे महिन्यात रीतसर टेस्ट केली. एकाच वेळी उबलेले दोन कोंबडे. एक आदल्या संध्याकाळी कापून फ्रीजच्या खालच्या कप्प्यात, दुसरा नेहमीसारखा सकाळी. एकच चूल, एकच वाटण, दोन टोपं. सांगायला नको, कुठलं टोप आधी रिकामं झालं.

वर्ष-दोन वर्षांचा जुना कोंबडा मात्र नुसता ठेवून मऊ होणार नाही. त्याला मंद आचेवर दोन-अडीच तास द्यायचे, म्हणजे कोलॅजन विरघळून रस्सा दाट होतो. फ्रेंच लोक असला कोंबडा वाइनमध्ये तासन्‌तास शिजवतात, त्याला 'कॉक ओ व्हॅं' म्हणतात आणि आपण हॉटेलात त्याचे भरमसाट पैसे मोजतो. आजीने तेच केलं की चामट!

आता खरं कारण सांगतो, एवढा का चिडलोय ते. दोन वर्षांपूर्वी गावी जेवायला बसलो, तर ताटात ब्रॉयलर. आजीने आमच्यासाठी मुद्दाम कुडाळच्या बाजारातून मागवलेला. "तुमका आमचो कोंबो चावना नाय मां," ती म्हणाली. अगदी सहज. आमची बोलणी ऐकून तिने कोंबड्या कमी करायला घेतल्या होत्या. पन्नासेक वर्षं पाळतेय ती. कोणीच काही बोललं नाही, मीसुद्धा. ब्रॉयलर मऊ होता, खाल्ला.

मे महिन्यातल्या त्या टोपानंतर आजीने एक खुडूक कोंबडी नऊ अंड्यांवर बसवली. सात पिल्लं निघाली, फोनवर रोज हिशोब येतो. काका अजून मसाल्यावरच अडून आहेत.