तीर्थाचे रक्षण तीरावरच्यांनी करावे

अनंतचतुर्दशीस आपण श्रीगणरायाला जलाशयात निरोप देतो. त्या जलास आपण तीर्थ म्हणतो. परंतु दुसऱ्या दिवशी त्याची विचारपूस कोण करतो? जलात मलमूत्र टाकू नये, थुंकूही नये, असा दंडक मनुस्मृतीच्या चौथ्या अध्यायात आहे. पावित्र्य मंत्राने येते, पण आचाराने टिकते, असे आम्ही मानतो.

निर्माल्य कुजले की पाण्यातील प्राणवायू खर्च होऊन मासे गुदमरतात. काठावरील घरांचे सांडपाणी झिरपले की त्यातील फॉस्फरसवर शेवाळ माजते. ते डोळ्यांस दिसेपर्यंत उशीर झालेला असतो. म्हणून नियमित परीक्षा हवी. १८६५ साली आंजेलो सेक्की या ख्रिस्ती धर्मगुरूने दोरीने पांढरी तबकडी सोडून समुद्रजलाची पारदर्शकता मोजली. अमेरिकेतील मिनेसोटा राज्यात तळ्याकाठची सामान्य कुटुंबे १९७३ पासून अशाच तबकडीने आपापल्या तळ्याची नोंद ठेवीत आली आहेत.

आपल्या तलावाकाठच्या आळीस हे अशक्य आहे काय? दर एकादशीस, ठरल्या वेळी, ठरल्या जागी तबकडी सोडावी. ती किती खोलीवर दिसेनाशी होते ते वहीत लिहावे. पावसाळ्यात गाळानेही पाणी गढूळते, यास्तव तुलना मागील वर्षाच्या त्याच महिन्याशी करावी. खोली घटत गेल्यास सांडपाण्याची वाट शोधून ती बंद करावी. मूर्ती शाडूची असावी, विसर्जन हौदात व्हावे, निर्माल्याचे खत करावे. हीही त्या विघ्नहर्त्याची सेवाच होय.