रांजण मागे राहिले

मैत्रिणींनो, ग्रीसच्या सांतोरिनी बेटावर जायचा योग आला, तर पांढरी घरं आणि सूर्यास्त तुम्ही बघालच. पण एक सकाळ आक्रोतिरीसाठी राखून ठेवा बरं! सुमारे ३,६०० वर्षांपूर्वी ज्वालामुखीच्या राखेत गाडलं गेलेलं हे गाव. १९६७ साली इथं पद्धतशीर उत्खनन सुरू झालं.

आत शिरताच आपल्या बायकांची नजर वळते ती कोठीकडेच. धान्याचे मोठमोठे रांजण, मांस भाजायला शिगा टेकवायच्या मातीच्या बैठकी, आणि एका घरात तर चक्क माडीवर शौचकूप, त्याचं पाणी रस्त्याखालच्या गटारात सोडलेलं!

मात्र गावात माणसाचा सांगाडा सापडलेला नाही. दागदागिनेही जवळजवळ नाहीतच. आधी भूकंपाचे धक्के बसले. लोकांनी खूण ओळखली, मोलाचं तेवढं उचललं आणि ते निघाले. भरली कोठी सोडून जाताना त्या गृहिणींचा जीव किती तुटला असेल! पण तो लोभ त्यांनी आवरला.

ज्वालामुखी अजूनही जिवंत आहे. २०२५ च्या फेब्रुवारीत जमीन सारखी हादरू लागली, तेव्हाही हजारो लोक बोटींनी, विमानांनी बाहेर पडले.

तेव्हा जाण्याआधी बेटाची खबर घ्या. उन्हाळ्यातली गर्दी टाळून एप्रिल-मे किंवा ऑक्टोबर निवडा. पायऱ्या फार, म्हणून चपला सपाट हव्यात. आणि पासपोर्ट, औषधं, थोडे पैसे एका पिशवीत घालून रात्री उशाशी ठेवा. बाकीचं सामान काय, रांजणांसारखं मागे राहिलं तरी चालेल!